आभाराचं पान

मास्तरांचा प्रबंध अकराव्या वर्षी पूर्ण झाला, आणि त्यात एकही चूक राहिलेली नाही असं त्यांनी स्वतः जाहीर केलं. मास्तरांनी एखादी गोष्ट जाहीर केली की ऐकणारे आधी आडोसा शोधतात. एकदा त्यांनी घराचा नळ स्वतः दुरुस्त केल्याचं जाहीर केलं होतं, तेव्हा खालच्या मजल्यावरची मंडळी छत्री घेऊन वर आली होती. पण प्रबंधाची गोष्ट वेगळी, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. अकरा वर्षं म्हणजे काही थोडीथोडकी नव्हेत.

मास्तर म्हणजे कॉलेजात शिकवणारे आमचे स्नेही. प्रबंधाचं नाव होतं 'सार्वजनिक इमारतींतील सूचनाफलक आणि त्यांचे वाचक : एक चिकित्सक अभ्यास'. कचेऱ्या, दवाखाने, शाळा, ग्रंथालयं यांच्या भिंतींवर जे फलक लावलेले असतात ते कोण वाचतं, किती वाचतं, आणि वाचून पुढे काय करतं, हे मास्तरांनी शोधून काढलं होतं. शंभर माणसं फलकासमोरून गेली तर चार माणसं तो शेवटपर्यंत वाचतात. उरलेल्या शहाण्णवांपैकी जी काही क्षणभर थांबतात, ती फक्त आपलं नाव कुठे आहे का ते बघतात. नाव दिसलं तर खुशीत पुढे जातात, नाही दिसलं तर तोंड वाकडं करून पुढे जातात. हे सांगायला दोनशे साठ पानं लागली होती.

या अकरा वर्षांत घरातलं जेवणाचं टेबल अर्धं झालं होतं. म्हणजे टेबल होतं तेवढंच होतं, पण खिडकीकडचा अर्धा भाग प्रबंधाचा आणि भिंतीकडचा अर्धा भाग घराचा. वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, त्या अर्ध्या टेबलावर अकरा वर्षं पोळ्या लाटत आल्या होत्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की पदवी मिळो न मिळो, टेबल मिळावं. मास्तरांना हे बोलणं लागायचं. पण ते तसं दाखवायचे नाहीत, कारण त्या वेळी ते मोठ्याने वाक्य बोलून बघत असायचे. लिहायच्या आधी प्रत्येक वाक्य मोठ्याने बोलायचं, ही त्यांची सवय.

आता मुदत संपत आली होती. मास्तरांनी तीनदा मुदतवाढ घेतली होती आणि चौथी मिळत नाही, हे विभागातल्या कारकुनाने त्यांना तोंडावर सांगितलं होतं. त्या तारखेला पाचच्या आत प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द. नोंदणी रद्द म्हणजे पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात, आणि टेबलाचा अर्धा भाग आणखी अकरा वर्षं गेला.

दाखल करण्याच्या आधीच्या आठवड्यात मास्तरांना एक कल्पना सुचली. ती सुचली नसती तर ही गोष्टच झाली नसती.

त्यांच्या लक्षात आलं, की प्रबंध कुणीही वाचत नाही. लोक त्यातलं एकच पान वाचतात, आभाराचं. त्यांच्या एका सहकाऱ्याचा प्रबंध झाला तेव्हा त्याचा मेहुणा दोन वर्षं बोलत नव्हता, कारण त्याचं नाव शेजाऱ्याच्या नावाखाली आलं होतं. आणि मास्तरांना आभार मानायचे होते तीन माणसांचे. तिघंही असे की दुसऱ्याच्या खाली आपलं नाव त्यांना खपलं नसतं.

पहिले सासरेबुवा. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी तीन महिने एका कचेरीच्या दारात स्टूल टाकून, हातात मोजायचं यंत्र धरून, फलकासमोरून जाणारा माणूस न् माणूस टकटक करत मोजला होता. दुसरे मास्तरांचे थोरले भाऊ, दादा. त्यांचं चष्म्याचं दुकान. अकरा वर्षांपूर्वी जेवताना ते सहज म्हणाले होते, "बोर्ड लावतात खरे, पण वाचतं का रे कुणी?" तेव्हापासून या प्रबंधाचा विषय आपण दिला असं ते गिऱ्हाइकांना सांगत आले होते. आणि तिसरे मार्गदर्शक, म्हणजे सर. सरांची पद्धत अशी, की प्रकरण हातात घ्यायचं, पहिलं पान उघडायचं, मग शेवटचं पान उघडायचं, तिथे बरोबरची खूण करायची आणि "संदर्भ वाढवा" म्हणून परत द्यायचं. अकरा वर्षांत मास्तरांनी इतके संदर्भ वाढवले होते की मूळ मजकूर त्यात चोरून राहिल्यासारखा दिसायचा.

तर मास्तरांनी आपलंच संशोधन वापरायचं ठरवलं. माणूस फक्त आपलं नाव शोधतो ना? मग ज्याच्या-त्याच्या प्रतीत त्याचंच नाव! एकूण प्रती सहा. तीन विद्यापीठाला, म्हणजे तीन परीक्षकांसाठी. त्यात आभाराचं पान साधं: 'ज्यांनी प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष साहाय्य केले त्या सर्वांचा मी ऋणी आहे.' उरलेल्या तीन प्रती घरच्या, त्यात आभाराचं पान प्रत्येकाला वेगळं. सासरेबुवांच्या प्रतीत: 'या प्रबंधातील एकूण एक आकडा माझ्या तीर्थरूप सासऱ्यांनी गोळा केला आहे. मी केवळ बेरीज केली.' दादांच्या प्रतीत: 'या प्रबंधाची कल्पना, मांडणी आणि निष्कर्ष हे सर्वस्वी माझ्या थोरल्या बंधूंचे आहेत. मी निमित्तमात्र.' आणि सरांच्या प्रतीत: 'या प्रबंधातील शब्दन् शब्द माझ्या मार्गदर्शकांचा आहे. चुका तेवढ्या माझ्या.'

हे सगळं त्यांनी वहिनींना वाचून दाखवलं. वहिनींनी विचारलं, की तिघं एकमेकांच्या प्रती बघणार नाहीत का. मास्तर हसले. म्हणाले, कोण कुणाची प्रत बघतंय, शंभरात चार, माझंच संशोधन आहे. वहिनी लाटणं घेऊन आपल्या अर्ध्या टेबलाकडे वळल्या.

सहा प्रतींचे सहा गठ्ठे बाइंडरकडे गेले. हा बाइंडर म्हणजे कामाला चोख माणूस. मास्तरांनी त्याला बजावलं होतं, की वरच्या तीन विद्यापीठाच्या आणि खालच्या तीन घरच्या, त्यातही चौथी सासऱ्यांची, पाचवी भावाची, सहावी सरांची. बाइंडरने ते नीट पाळलं. वर आपल्या मनाने आणखी एक काम केलं. सोनेरी अक्षरांवर बोटं उमटू नयेत म्हणून त्याने प्रत्येक प्रत तपकिरी कागदात गुंडाळली, कडा चिकटवून टाकल्या आणि सहाही प्रती एकावर एक ठेवून सुतळीने करकचून बांधल्या.

मास्तर तिथे पोहोचले तेव्हा साडेचार वाजले होते. त्यांनी गठ्ठा उचलून स्कूटरच्या पायठेवणीवर ठेवला. सुतळीची गाठ वर होती, ती पोटरीला टोचायला लागली. म्हणून पहिल्याच सिग्नलला त्यांनी गठ्ठा उलटा केला. गाठ खाली गेली, पोटरी सुटली, आणि मास्तर मोकळ्या मनाने विभागाकडे निघाले.

पाचला आठ मिनिटं असताना ते खिडकीपाशी उभे राहिले. खिडकीच्या वर हाताएवढ्या अक्षरांत एक फलक होता: 'प्रबंध देण्यापूर्वी प्रती उघडून तपासाव्यात. नंतर तक्रार चालणार नाही.' मास्तर त्या फलकाखाली सहा मिनिटं उभे होते. कारकुनाने विचारलं, कुठल्या तीन? मास्तरांनी वरच्या तीन काढून दिल्या. कारकुनाला कागदात गुंडाळलेल्या प्रती बघून बरं वाटलं, त्याने वरच पत्ते चिकटवले, शिक्का मारला आणि पोच दिली. मास्तर बाहेर आले ते हवेत चालत आले.

त्याच आठवड्यात उरलेल्या तीन प्रती पोहोचत्या झाल्या. मास्तरांनी त्या तशाच, कागदातल्या कागदात, दोन्ही हातांनी दिल्या. प्रत्येकाला ते म्हणाले, की पहिलं पान जरूर वाचा, मग माझ्याशी बोला. असं म्हणून ते अर्थपूर्ण हसले. ते हसणं नंतर त्यांना फार महाग पडलं.

कारण दोन दिवस गेले, चार गेले, कुणी काही बोलेना. शेवटी मास्तरच सासऱ्यांकडे गेले. सासरेबुवा खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली घेतलं नाही.

"वाचलं," ते वर्तमानपत्राच्या आडूनच म्हणाले. "किंमत कळली, जावईबापू."

आणि त्यांनी ते मोजायचं यंत्र डबीत घालून मास्तरांच्या हातात ठेवलं. हे आता तुमच्याकडेच असू द्या, म्हणाले, आमचा काय उपयोग.

मास्तर जिना उतरताना विचारात पडले. किंमत कळली म्हणजे काय? कसली किंमत? आकड्यांची? म्हणजे आकडे चुकले की काय? सासरेबुवा मोजणी खात्यातले, त्यांना तिसऱ्या प्रकरणात काहीतरी खटकलं असणार. घरी येऊन त्यांनी तिसऱ्या प्रकरणातल्या सगळ्या बेरजा पुन्हा केल्या. बेरजा बरोबर होत्या. हे तर आणखी वाईट, कारण चूक सापडत नाही म्हणजे ती खोल आहे. पुढचे चार रविवार ते स्वतः यंत्र घेऊन त्या कचेरीच्या दारात जाऊन उभे राहिले. रविवारी कचेरी बंद असते, त्यामुळे फलकासमोरून कुणी गेलं नाही, एवढी नोंद मात्र पक्की झाली.

मग दादा. दादांच्या दुकानात गेले तर दादा एका गिऱ्हाइकाला अक्षरं वाचायला लावत होते. मास्तरांना बघून म्हणाले, "ये. तुझं वाचलं. सगळ्यांना एका मापाने मोजलंस, हे बरं केलंस. आपला-परका काही ठेवलं नाहीस."

पुन्हा कोडं. एका मापाने मोजलं म्हणजे नमुना निवडताना पद्धत एकच वापरली, हे दादांना पसंत पडलं असेल का? पण तोंड तर पसंतीचं नव्हतं. दादांना संशोधनपद्धतीतलं इतकं कळतं, हे मास्तरांना अकरा वर्षांत कधी जाणवलं नव्हतं. त्यांनी दादांना नमुना-निवडीवर पाऊण तास समजावून सांगितलं. गिऱ्हाईक निघून गेलं. दादांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

सरांनी तर कहर केला. "फारच मोघम झालंय," सर म्हणाले. "तुमच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती. थोडं स्पष्ट लिहायला काय हरकत होती?"

अकरा वर्षांत सरांनी प्रबंधाबद्दल व्यक्त केलेलं हे पहिलंच मत. मास्तरांची झोप उडाली. काय मोघम झालंय? कुठलं प्रकरण? विचारलं तर सर म्हणाले, तुम्हाला ठाऊक आहे. मास्तरांना काहीच ठाऊक नव्हतं. तीन माणसं तीन दिशांनी नाराज, आणि तिन्ही नाराज्यांचा मेळ बसेना. आकडे चुकले म्हणावं तर भाषा मोघम, भाषा सुधारावी तर माप एकच! अशा अवस्थेत त्यांनी व्हायव्हाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तयारी सुरू केली. प्रत्येक वाक्याला संभाव्य आक्षेप, आणि प्रत्येक आक्षेपाला उत्तर. टेबलाचा भिंतीकडचा अर्धा भागही आता प्रबंधाकडे गेला. वहिनी ओट्यावर पोळ्या लाटू लागल्या.

घरात प्रबंधाची एक सुटी प्रत पडलेली होती, न बांधलेली. टेबल तर गेलंच होतं. मग दुपारचा चहा घेताना वहिनी ती वाचू लागल्या. रोज दहा-बारा पानं. तीन आठवड्यांत त्यांची पूर्ण झाली. मग त्यांनी मधली काही पानं परत एकदा वाचली. आणि एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "अहो, त्या प्रबंधातलं एक पान..."

मास्तर म्हणाले, आत्ता नको. व्हायव्हा होऊ दे.

दोन दिवसांनी वहिनींनी पुन्हा विषय काढला. मास्तर तेव्हा आरशालाच परीक्षकांचे अध्यक्ष समजून उत्तर देत होते. व्हायव्हाच्या आदल्या दिवशी वहिनींनी तिसऱ्यांदा सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा मास्तर काकुळतीला आले. म्हणाले, अगं, जगात सगळे माझ्या प्रबंधावर नाराज आहेत, तू तरी काही बोलू नकोस. वहिनी "बरं" म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी ती सुटी प्रत पिशवीत घालून बरोबर घेतली.

व्हायव्हा खुली होती. म्हणजे कुणीही येऊन बसावं, ऐकावं, विचारावं. पहिल्या रांगेत सासरेबुवा आणि दादा, मध्ये दोन खुर्च्या सोडून. दोघंही कर्तव्य म्हणून आले होते आणि तसंच तोंड करून बसले होते. बाजूला सर. सगळ्यात मागे वहिनी. समोर टेबलाशी तीन परीक्षक: मधोमध अध्यक्ष, डावीकडे जाड भिंगांचे एक गृहस्थ, उजवीकडे एक बाई. तिघांपुढे तीन प्रती. मास्तरांनी त्या प्रतींकडे मोठ्या मायेने पाहिलं.

सुरुवात फार छान झाली. अध्यक्षांनी परीक्षकांचे अहवाल वाचून दाखवले. जाड भिंगांच्या गृहस्थांनी लिहिलं होतं, की प्रबंध मेहनतीने लिहिला असून पान एकशे अठ्ठ्याऐंशीवरचा मुख्य निष्कर्ष विशेष उल्लेखनीय आहे. बाईंनी लिहिलं होतं, की सर्वच विवेचन विचारप्रवर्तक, परंतु पान एकशे अठ्ठ्याऐंशी तर पुन्हा पुन्हा वाचावं असं. अध्यक्षांचंही तेच मत होतं. मास्तरांना गहिवरून आलं. मागच्या रांगेत वहिनींनी पिशवीतून प्रत काढली, चाळली, आणि कपाळाला आठ्या घालून परीक्षकांकडे पाहत राहिल्या.

मग जाड भिंगांच्या गृहस्थांनी घसा साफ केला. त्यांनी विचारलं, हे आकडे कुणी गोळा केले?

"मी केले, सर," मास्तर म्हणाले.

"इथे वेगळं लिहिलंय," गृहस्थ म्हणाले, आणि त्यांनी पहिलं पान उघडून वाचलं. 'एकूण एक आकडा माझ्या तीर्थरूप सासऱ्यांनी गोळा केला आहे. मी केवळ बेरीज केली.'

मास्तरांना वाटलं आपण झोपेत आहोत. हे पान इथे कसं? हे तर सासऱ्यांच्या घरी असायला हवं. पहिल्या रांगेत सासरेबुवा ताठ झाले, मिशीवरून हात फिरला, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी जावयाकडे सरळ पाहिलं.

बाई म्हणाल्या, आकडे एकाचे असले तरी चालतं, विचार आपला असला म्हणजे झालं. पण मग माझ्या प्रतीत असं का? त्यांनी वाचलं: 'कल्पना, मांडणी आणि निष्कर्ष हे सर्वस्वी माझ्या थोरल्या बंधूंचे आहेत.' दादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सासरेबुवांचा हात मिशीवरून खाली आला.

आता अध्यक्षांची पाळी आली. त्यांनी आपली प्रत उघडली आणि एकेक शब्द सुटा करत वाचलं, की या प्रबंधातील शब्दन् शब्द माझ्या मार्गदर्शकांचा आहे, चुका तेवढ्या माझ्या. मग त्यांनी प्रत मिटली.

"आकडे सासऱ्यांचे," अध्यक्ष म्हणाले. "विचार भावाचे. शब्द गाइडचे. मग यात तुमचं काय?"

मास्तरांनी अडीचशे आक्षेपांची उत्तरं पाठ केली होती. हा आक्षेप त्यात नव्हता. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "चुका, सर."

त्यानंतर जे झालं त्याला व्हायव्हा म्हणणं कठीण आहे. सासरेबुवा उभे राहिले आणि म्हणाले, की आकडे आमचेच, तीन महिने स्टुलावर बसून पाठीचा काटा ढिला झाला, विचार कसले आलेत, आकड्यांशिवाय विचार कुठून येणार. दादा म्हणाले, विषयच नसता तर आकडे कसले मोजले असते, गुरं? सासरेबुवांनी विचारलं, गुरं कुणाला म्हणालात? पण सगळ्यात जास्त घाबरले होते ते सर. शब्दन् शब्द गाइडचा, म्हणजे गाइडनेच प्रबंध लिहून दिला! त्यांच्या नोकरीचा प्रश्न. ते तडक अध्यक्षांच्या टेबलापाशी गेले.

"मी यातला एक शब्दही लिहिलेला नाही," सर म्हणाले. "लिहिणं सोडा, मी हा वाचलेलासुद्धा नाही."

आपण काय बोलून गेलो ते सरांच्या उशिरा ध्यानात आलं. म्हणजे या स्वरूपात वाचलेला नाही, असं ते हळूच म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

अध्यक्षांनी कपाळ चोळलं. मास्तर घामाने निथळत उभे होते. त्यांना एवढंच दिसत होतं, की नोंदणी रद्द होणार, अकरा वर्षं पाण्यात जाणार, आणि हे का झालं ते आपल्याला मरेपर्यंत कळणार नाही. अध्यक्ष म्हणाले, की हा प्रबंध या माणसाने स्वतः लिहिला, असं सांगणारं कुणी आहे का? निदान या खोलीत तो वाचलेलं तरी कुणी आहे का? सासरेबुवा छताकडे बघू लागले. दादा चष्मा पुसू लागले.

"मी वाचलाय," मागून आवाज आला.

सगळ्यांनी मागे पाहिलं. अध्यक्षांनी विचारलं, आपण कोण. वहिनींनी सांगितलं, यांची बायको. तिन्ही परीक्षकांनी आपापलं आभाराचं पान पुन्हा उघडलं आणि वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाई जरा संकोचून म्हणाल्या, तुमचा उल्लेख कुठे दिसत नाही.

"नसेल," वहिनी म्हणाल्या. "तेवढं एक पान मी वाचलं नाही. बाकी सगळा प्रबंध वाचलाय."

मास्तरांनी मान खाली घातली. त्यांना पहिल्यांदा आठवलं, की सहा प्रतींतल्या चार तऱ्हांच्या आभारांत बायकोचं नाव घालायचं त्यांना सुचलंच नव्हतं. ती घरचीच, म्हणून राहून गेलं होतं. त्यांना आपली अशी लाज वाटली, की खाली बसावंसं वाटलं.

वहिनी मात्र बोलत होत्या. ओट्याशी उभं राहून बोलतात तशाच. यांनी स्वतःच लिहिलाय, त्या म्हणाल्या. रोज संध्याकाळी सहा ते आठ. लिहायच्या आधी वाक्य मोठ्याने बोलतात, त्यामुळे मी आधी सगळा ऐकलाय, मग वाचलाय. मग त्यांनी पहिल्या प्रकरणात काय आहे ते सांगितलं, दुसऱ्यात काय ते सांगितलं, तिसऱ्यातले आकडे सांगितले. सासरेबुवांनी स्टुलावर बसून मोजलं ते एका कचेरीतलं, उरलेल्या एकोणीस इमारती यांनी स्वतः केल्या. दादा जेवताना एक वाक्य बोलले होते हे खरं, त्या दिवशी आमटी खारट झाली होती, हेही त्या बोलल्या. जाड भिंगांचे गृहस्थ टिपणं घेऊ लागले. अध्यक्षांचा चेहरा सैल झाला.

"वा," अध्यक्ष म्हणाले. "आणि पान एकशे अठ्ठ्याऐंशीवरचा तो मुख्य निष्कर्ष? त्याबद्दल तुमचं काय मत झालं?"

"तेच तीनदा यांना सांगायला गेले होते," वहिनी म्हणाल्या. "ते पानच नाहीये."

अध्यक्षांना नीट कळलं नाही. वहिनींनी पुन्हा सांगितलं, की एकशे सत्त्याऐंशी दोनदा लागलंय आणि मग एकदम एकशे एकोणनव्वद. अनुक्रमणिकेत 'मुख्य निष्कर्ष, पान एकशे अठ्ठ्याऐंशी' असं आहे खरं, पण आत ते पान नाही. घरच्या प्रतीत तरी नाही. तुमच्याकडच्या प्रतींत असेल, कारण तुम्ही तिघांनीही त्याचं इतकं कौतुक केलंय.

तीन प्रती एकदम उघडल्या. पानं फडफडली. एकशे सत्त्याऐंशी. एकशे सत्त्याऐंशी. एकशे एकोणनव्वद. बाईंनी एक पान बोटाला थुंकी लावून सोडवून पाहिलं, की दोन चिकटली आहेत का. चिकटली नव्हती. जाड भिंगांच्या गृहस्थांनी टिपणवही हळूच मिटली आणि खिशात घातली. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली, ती सगळ्यांनी लक्षपूर्वक ऐकली.

शेवटी बाईंनी तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, लोक शेवटपर्यंत वाचत नाहीत, फक्त नावं बघतात, असा जो उमेदवारांचा सिद्धांत आहे, तो मला पटला. जाड भिंगांचे गृहस्थ म्हणाले, मलाही पटला. पुराव्याची आणखी गरज वाटत नाही. तिघं शेजारच्या खोलीत गेले आणि चहाचा कप निवायच्या आत परत आले. अध्यक्षांनी उभं राहून, कुणाच्याही डोळ्यांत न बघता सांगितलं, की पदवीची शिफारस करण्यात येत आहे. दुरुस्त्या दोनच: एकशे अठ्ठ्याऐंशीवं पान घालावं, आणि आभाराचं पान सगळ्या प्रतींत एकच असावं. अहवालांबद्दल बाहेर चर्चा नसावी, असंही त्यांनी जाता जाता म्हटलं.

हरवलेलं पान घरच्या प्रिंटरमध्येच सापडलं. घड्या पडून, कागदी पंख्यासारखं होऊन, आत अडकून बसलं होतं. कागद अडकला म्हणून मास्तरांनीच आधीचं पान पुन्हा छापलं होतं, आणि त्या सुट्या प्रतीवरूनच सहाही गठ्ठे झेरॉक्स केले होते. आता प्रश्न आभाराचा होता. सासरेबुवांचा निरोप आला, की नावांचा क्रम वयाप्रमाणे असावा. दादांचा आला, की कामाप्रमाणे असावा. सरांचा आला, की माझं नाव असावं पण जपून असावं.

मास्तर दोन दिवस रिकाम्या कागदासमोर बसले. मग त्यांनी एक वाक्य मोठ्याने बोलून पाहिलं. ओट्यापाशी लाटणं क्षणभर थांबलं. मास्तरांनी ते वाक्य लिहून टाकलं. सगळ्या प्रतींत आता आभाराच्या पानावर तेवढीच एक ओळ आहे: 'हा प्रबंध ज्यांनी वाचला, त्यांचा मी ऋणी आहे.'

तिघांनाही प्रती पोहोचल्या. सासरेबुवा म्हणाले, छान. दादा म्हणाले, आता कसं बोललास. सर म्हणाले, याला म्हणतात स्पष्ट लिहिणं. तक्रार कुणीच केली नाही. करायची तर आधी वाचलेला नाही असं कबूल करावं लागलं असतं. वहिनींना विचारलं, तर त्या टेबल पुसत होत्या, पूर्ण टेबल. त्या म्हणाल्या, ओळ बरी आहे, पण आधी हा प्रिंटर इथून उचला.

एक प्रत मास्तरांनी मलाही दिली. दोन्ही हातांनी दिली आणि अर्थपूर्ण हसले. मी ती ओळ तिथल्या तिथे वाचली आणि मला भरून आलं. मी म्हटलं, मास्तर, अहो यात माझे कसले आभार! प्रत आता माझ्या कपाटात दर्शनी ठेवलेली आहे. एकशे अठ्ठ्याऐंशीवं पान आत घातलंय की नाही, ते एकदा सवडीने बघायचं आहे.